एफएक्सएए, एसएमएए, एमएसएए, टीएए, डीएलएए... दर गेममध्ये वेगळी यादी, लावायचं काय?

रिकामटेकडा_गेमर

मंडळी, गेममधल्या कडांच्या पायऱ्या गुळगुळीत करायची सेटिंग असते ना, अँटी-अलायझिंग (एए), तिच्याबद्दल विचारायचंय. प्रश्न साधा आहे पण सरळ उत्तर कुठे मिळेना म्हणून इथे टाकतोय. कार्ड आरटीएक्स ३०६०, मॉनिटर २४ इंची १०८०पी. जीटीए ५ मध्ये (जुनी आवृत्ती, एनहान्स्ड नाही) एफएक्सएए वेगळं आणि एमएसएए वेगळं, दोन्ही एकदम चालू करता येतात. रेड डेड रिडेम्प्शन २ मध्ये टीएए, एफएक्सएए आणि आत कुठेतरी लपवलेलं एमएसएए. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये सीएमएए२ आणि एमएसएए २एक्स ते ८एक्स. आणि नवीन गेम उघडला की एमएसएए गायबच, तिथे नुसतं टीएए नाहीतर डीएलएसएस, एफएसआर वगैरे (चित्र लहान काढून मोठं करणारे).

मला दिसतं ते असं. एफएक्सएए लावलं की फ्रेम (सेकंदाला किती चित्रं मिळतात ते) अजिबात कमी होत नाहीत पण सगळं जरासं पुसट होतं आणि विजेच्या तारा तुटक दिसायच्या त्या तुटकच राहतात. एमएसएए ८एक्स लावलं की जीटीएत गवताळ भागात फ्रेम धाडकन पडतात आणि एवढं करून ते गवत लुकलुकतंच. टीएए लावलं की उभं राहिल्यावर मस्त, कॅमेरा फिरवला की सगळं लोण्यासारखं पुसट. मग नक्की भारी कुठलं? यादीत जे सगळ्यात महाग ते सगळ्यात चांगलं असं काही आहे का? आणि डीएलएए म्हणजे डीएलएसएसच का अजून काही वेगळं?

शेडरवाली

महाग म्हणजे चांगलं असं नाही, कारण या सगळ्या पद्धती एकाच गोष्टीवर काम करतच नाहीत. थोडं लांबेल, पण एकदा डोक्यात बसलं की मेनू बघूनच कळेल काय लावायचं ते.

गेममधली प्रत्येक वस्तू छोट्या त्रिकोणांची बनलेली असते. मुळात पिक्सेलच्या मध्यबिंदूवर एकदाच विचारलं जातं, इथे त्रिकोण आहे का नाही? उत्तर हो किंवा नाही, मधलं काही नाही. चौकटीच्या वहीत तिरकी रेघ फक्त पूर्ण चौकोन भरून काढायची असेल तर जे होईल तेच इथे होतं, म्हणून पायऱ्या. आणि तार एका पिक्सेलपेक्षा बारीक असेल तर कधी मध्यबिंदूवर येते कधी दोन बिंदूंच्या मधून निसटते, म्हणून तुटक. कॅमेरा हलला की ती तुटायची जागा बदलते आणि तार वळवळायला लागते.

याचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर म्हणजे एसएसएए, सगळं चित्रच मोठ्या रिझोल्यूशनला काढायचं आणि मग लहान करायचं. १०८०पी ला ४एक्स एसएसएए म्हणजे कार्ड अक्षरशः ४के काढतंय, वीस लाख पिक्सेलऐवजी ब्याऐंशी लाख. सगळं सुधारतं, कडा, पानं, चमक, सावल्या, पण किंमत तेवढीच मोजायची.

एमएसएए ही त्यातली काटकसर. त्रिकोण आहे का नाही हा प्रश्न पिक्सेलमध्ये चार किंवा आठ ठिकाणी विचारायचा, पण रंग काढायचं जे जड काम आहे ते दर त्रिकोणामागे पिक्सेलला एकदाच करायचं. म्हणून त्रिकोणाची कड सुंदर येते. पण तुझं गवत लुकलुकतं त्याचं कारणही हेच आहे. गवताचं पातं म्हणजे त्रिकोणाची कड नसते, एका चौकोनी पट्टीवर पात्याचं चित्र चिकटवलेलं असतं आणि बाकीची पट्टी शेडर (पिक्सेलचा रंग काढणारा छोटा प्रोग्रॅम) फेकून देतो. ते फेकायचं काम पिक्सेलला एकदाच होतं, त्यामुळे एमएसएएला तिथे कड आहे हेच कळत नाही. यावर अल्फा-टू-कव्हरेज नावाचा उपाय आहे पण तो गेम बनवणाऱ्याने वापरायला हवा. ओल्या रस्त्यावरची चमचम, चकाकत्या धातूवर उडणारे पांढरे ठिपके, हेही एमएसएएच्या हद्दीबाहेर, कारण ते रंगात तयार होतात, आकारात नाही.

एफएक्सएए, एसएमएए, सीएमएए२ ही तिसरीच जात. यांना फक्त तयार चित्र मिळतं. चित्रात उजेडाचा फरक कुठे जास्त आहे ते बघायचं, ती कड आहे असं समजायचं आणि तिथे रंग मिसळायचे. म्हणून स्वस्त. पण तुटलेली तार त्यांना तुटलेलीच मिळते, मधला तुकडा होता हे त्यांना कोण सांगणार, मग ते तुटक्या तुकड्यांच्याच कडा गुळगुळीत करून देतात. एफएक्सएए (एनव्हिडियाच्या टिमथी लॉट्सचं, २००९) जरा आंधळेपणाने मिसळतं, त्यामुळे टेक्स्चरमधली (वस्तूवर चिकटवलेल्या चित्रातली) बारीक नक्षी आणि काही गेममध्ये अक्षरंसुद्धा पुसट होतात. एसएमएए (२०१२, सारागोसा विद्यापीठ आणि क्रायटेकची मंडळी) कडेचा आकार ओळखायचा प्रयत्न करतं, ही एल आकाराची, ही झेड आकाराची, आणि त्या हिशोबाने मिसळतं. म्हणून एसएमएए असेल तर एफएक्सएएकडे बघू पण नकोस.

टीएएचं वेगळं लिहिते, जेवण करून येते.

टीएए_हटाव

ताईंनी मस्त सांगितलंय पण टीएएबद्दल मी आधीच सांगून टाकतो, बंद करा आणि सुखी व्हा. १०८०पी वर टीएए म्हणजे चष्म्यावर बोट फिरवल्यासारखं आहे. डेव्हलपर लोकांनी आळशीपणा करून सगळीकडे तेच चिकटवलंय, वर बंद करायचं बटणही देत नाहीत, मग कॉन्फिग फाइल शोधत बसा. मला पायऱ्या चालतील पण पुसट चित्र नको. निदान पायऱ्या खऱ्या तरी असतात.

शेडरवाली

आले. तर टीएए.

कल्पना अशी की एसएसएएसारखे जास्तीचे बिंदू घ्यायचे पण एका फ्रेममध्ये नाही, बऱ्याच फ्रेममध्ये वाटून. दर फ्रेमला कॅमेरा पिक्सेलच्या आतल्या आत किंचित सरकवतात, बहुतेक हॅल्टन नावाच्या क्रमाने, आठ किंवा सोळा जागा ठरलेल्या असतात. या फ्रेमला तार निसटली तरी पुढच्या दोन फ्रेममध्ये सापडते. मग जुनं साठवलेलं चित्र आणि नवीन फ्रेम मिसळतात, नव्वद टक्क्यांच्या वर जुनं आणि थोडंसं नवं. तू उभा आहेस तोवर हे जवळजवळ एसएसएएच आहे, जवळपास फुकट. म्हणून उभं राहिल्यावर मस्त दिसतं.

हललं की भानगड सुरू. जुनं चित्र आता चुकीच्या जागी आहे, ते मोशन व्हेक्टर (कुठला पिक्सेल कुठून कुठे सरकला याची नोंद) वापरून सरकवावं लागतं, आणि नवीन जागा बरोब्बर पिक्सेलवर येत नाही, दोन-चार पिक्सेलच्या मध्ये कुठेतरी येते, मग शेजारच्यांची सरासरी काढायची. पुढच्या फ्रेमला त्या सरासरीची परत सरासरी, मग परत. तुझं ते "लोणी" इथून येतं. चांगल्या टीएएमध्ये इथे बायक्युबिक फिल्टर वापरतात, त्याने बराच फरक पडतो, स्वस्तातल्या टीएएमध्ये साधा बायलिनिअर असतो. म्हणून एका गेमचं टीएए बरं आणि दुसऱ्याचं भयाण, नाव मात्र दोघांचं एकच. मेनूत "टीएए" लिहिलंय म्हणजे आत काय आहे याचा काहीच पत्ता लागत नाही.

आणि शेपूट राहतं ते (घोस्टिंग) कशामुळे, तर ज्या गोष्टींना मोशन व्हेक्टर नसतात, धूर, ठिणग्या, पाऊस, काचेमागचं काही, किंवा माणूस पुढे सरकला आणि मागची भिंत पहिल्यांदाच दिसली तर तिथे जुनं काही उपलब्धच नसतं. शेजारच्या पिक्सेलच्या रंगांच्या मर्यादेत जुना रंग दाबून बसवायचा हा त्यावरचा नेहमीचा उपाय. दाबलं जास्त तर लुकलुक परत येते, दाबलं कमी तर शेपूट राहतं. सगळी मारामारी या एका बटणावर आहे.

@टीएए_हटाव, आळशीपणा म्हणालात ते अर्धंच खरं आहे. टीएए आहे हे धरूनच आता बाकीचं चित्र बनवतात. केस, झाडांची पानं, हळूहळू विरघळणाऱ्या वस्तू, हे सगळं अर्धपारदर्शक काढण्याऐवजी ठिपक्याठिपक्यांनी काढतात आणि टीएए ते मिसळून टाकेल असं गृहीत असतं. रेड डेड २ मध्ये टीएए पूर्ण बंद करून घोड्याची आयाळ बघा, आणि मग सांगा पायऱ्या "खऱ्या" आहेत का. सावल्या, परावर्तन, रे ट्रेसिंग, यातपण दर फ्रेमला थोडेच नमुने घेऊन काळावर पसरवलेले असतात. टीएए बंद केलं की नुसत्या पायऱ्या येत नाहीत, वाळू येते.

टीएए_हटाव

वाळूचं मान्य, आयाळ बघितलीय मी. पण म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत ना. आधी चित्र मोडायचं आणि मग ते सांधायला टीएए सक्तीचं करायचं. मला निवड पाहिजे, एवढंच. आणि ६० फ्रेमवाल्याला नि १४४ फ्रेमवाल्याला एकच टीएए सारखं दिसत नाही हे कुणी बोलतच नाही.

शेडरवाली

हे मात्र अगदी बरोबर. आठ जागांचं चक्र ६० फ्रेमला साधारण १३३ मिलिसेकंदांत पूर्ण होतं, ३० ला २६७, १४४ ला ५६. जितकी फ्रेम जास्त तितकं जुनं चित्र ताजं आणि दोन फ्रेममधली हालचालही कमी. रिझोल्यूशनचंही तसंच, ४के वर एक पिक्सेलभर पुसटपणा डोळ्याला जाणवत नाही, २४ इंची १०८०पी वर (इंचाला साधारण ९२ पिक्सेल) तो स्पष्ट दिसतो. त्यामुळे ४के वाले लोक "टीएए चांगलंय की" म्हणतात आणि १०८०पी वाले शिव्या घालतात, दोघं आपापल्या जागी खरंच बोलतायत.

जुनंहार्डवेअर

एमएसएए गायब का झालं हे राहिलंच की राव. मी ज्या काळात खेळायला लागलो तेव्हा ड्रायव्हरच्या पॅनलमध्ये जाऊन ४एक्स जबरदस्तीने लावायचं आणि सगळ्या गेमना लागू व्हायचं, काय दिवस होते. मग डिफर्ड रेंडरिंग आलं. म्हणजे आधी दर पिक्सेलचा रंग, दिशा, खडबडीतपणा, खोली हे सगळं वेगवेगळ्या बफरमध्ये लिहून ठेवायचं आणि प्रकाशाचा हिशोब नंतर एकदम करायचा. दिवे शेकड्याने टाकता येतात हा फायदा. स्टॉकर (२००७) हा असा सुरुवातीच्या गेमपैकी, त्याच्या डीएक्स९ (डायरेक्टएक्स ९) मोडमध्ये नेहमीचं एमएसएए चालायचंच नाही.

हिशोब करून बघा. समजा पिक्सेलला २० बाइट लागतात, ३२ बिटचे चार बफर आणि खोलीचा एक. १०८०पी ला ते साधारण ४१ एमबी. एमएसएए ४एक्स केलं की १६६, ८एक्स केलं की ३३२. ४के वर ४एक्स म्हणजे ६६० च्या वर. मेमरीत मावतं एकवेळ, पण दर फ्रेमला एवढं लिहायचं आणि परत वाचायचं, तिथे जीव जातो. वर कडेच्या पिक्सेलना प्रकाशाचा हिशोब दर बिंदूसाठी वेगळा करावा लागतो, म्हणजे काटकसर होती तीच गेली. आणि आता मॉडेलमध्ये त्रिकोण एवढे बारीक झालेत की जवळजवळ प्रत्येक पिक्सेल कडेचाच असतो.

म्हणून एमएसएए टिकलं ते जिथे फॉरवर्ड रेंडरिंग (वस्तू काढतानाच तिच्यावरचा प्रकाशही मोजायचा, ही जुनी पद्धत) आहे तिथे. काउंटर-स्ट्राइक २, फोर्झा होरायझन, व्हीआर मधले बरेच गेम, हाफ-लाइफ ॲलिक्स त्यातलाच. व्हीआर मध्ये डोकं सतत हलत असतं आणि पडदा डोळ्याला चिकटलेला, तिथे टीएएचा पुसटपणा सहन होत नाही. मेनूत एमएसएए दिसलं पण लावल्यावर फ्रेम अर्ध्यावर आल्या तर समजा डिफर्डवर ओढूनताणून बसवलंय. फ्रेम थोड्याच कमी झाल्या तर समजा फॉरवर्ड आहे, बिनधास्त वापरा.

क्रायसिस ३ च्या मेनूत एफएक्सएए, एसएमएए, एमएसएए, टीएक्सएए (एनव्हिडियाची एमएसएए नि टीएएची मिसळ) सगळी जत्रा होती. एकाच गेममध्ये एकाच जागी उभं राहून सगळं तुलना करून बघायचं असेल तर अजूनही तो उत्तम आहे.

रिकामटेकडा_गेमर

बापरे, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. गवताचं कारण वाचून डोक्यात लख्ख झालं एकदम. काल बसून जरा खेळून बघितलं. काउंटर-स्ट्राइकमध्ये ४एक्स एमएसएए आणि सीएमएए२ मध्ये उभं राहून मला काही फरक कळला नाही, पण लांबच्या जाळीच्या कुंपणाकडे बघत हळूहळू बाजूला चाललो तर सीएमएए२ मध्ये कुंपण नाचत होतं, ४एक्समध्ये बऱ्यापैकी शांत. आता रेड डेडचं काय करू ते सांगा, आणि डीएलएएचं राहिलं.

फ्रेमटाइम

तू जे केलंस ना, लांबच्या कुंपणाकडे बघत बाजूला चालणं, तीच खरी चाचणी. स्क्रीनशॉटवरून एए निवडणारे लोक बघितले की मला काही सुचत नाही. स्क्रीनशॉटमध्ये टीएए नेहमी जिंकणार कारण सगळं थांबलेलं असतं, आणि यूट्यूबवर कॉम्प्रेशनमुळे सगळंच सारखं दिसतं. स्वतःच्या पडद्यावर, हलताना, नेहमीच्या अंतरावर बसून बघायचं. तार, कुंपण, झाडाचा शेंडा, केस आणि एखादी चमकती ओली जागा. मोशन ब्लर, फिल्म ग्रेन, क्रोमॅटिक ॲबरेशन आधी बंद कर, नाहीतर पुसटपणाचं खापर टीएएवर फुटतं आणि खरा चोर मोशन ब्लर असतो. असं बरेचदा होतं.

डीएलएए म्हणजे डीएलएसएसच, फक्त चित्र लहान काढून मोठं करायचा भाग काढून टाकलेला. पूर्ण रिझोल्यूशनला काढायचं आणि टीएएच्या जागी डीएलएसएसचं न्यूरल नेटवर्क वापरायचं. वर शेडरवाली म्हणाल्या ना की जुना रंग किती दाबायचा यावर सगळी मारामारी आहे, तो निर्णय इथे हाताने लिहिलेल्या नियमाऐवजी शिकवलेलं मॉडेल घेतं. जानेवारी २०२५ मध्ये डीएलएसएस ४ बरोबर ट्रान्सफॉर्मर मॉडेल आलं, ते हलताना आधीच्यापेक्षा बरंच स्वच्छ आहे आणि आरटीएक्स २० सिरीजपासून सगळ्यांवर चालतं, तुझ्या ३० सिरीजवर जरा जड पडतं एवढंच. एनव्हिडिया ॲपमध्ये काही गेमना मॉडेल बदलायची सोय आहे ती बघ.

१०८०पी वर डीएलएसएस क्वालिटी लावलं तर आत ७२०पी काढलं जातं हे लक्षात ठेव. चालतं, पण डीएलएएशी तुलना करू नकोस. मला स्वतःला १०८०पी मॉनिटरवर सगळ्यात आवडलेली युक्ती म्हणजे एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमधलं डीएलडीएसआर २.२५एक्स (मोठं चित्र काढून लहान करायची सोय) चालू करायचं, म्हणजे गेमला वाटतं पडदा २८८० बाय १६२० चा आहे, आणि मग गेममध्ये डीएलएसएस क्वालिटी लावायचं. १६२० चे दोन तृतीयांश म्हणजे बरोब्बर १०८०. आतलं काम १०८०पी चंच, पण टीएएचं सांधकाम मोठ्या पटावर होतं आणि मग ते लहान होऊन येतं. पुसटपणा जवळजवळ जातो. फुकट नाही, साध्या १०८०पी पेक्षा फ्रेम कमी मिळतात कारण पोस्ट इफेक्ट (चित्र तयार झाल्यावर वरून लावायचे परिणाम) १६२० ला चालतात, आणि काही गेममध्ये मेनूची अक्षरं बारीक होतात. पण रेड डेडमध्ये (डीएलएसएस २०२१ च्या अपडेटमध्ये आलंय) हेच कर, एमएसएएच्या नादी लागू नकोस, तिथे ते जड पडतं आणि झाडांना काही उपयोग नाही.

जीटीएच्या जुन्या आवृत्तीत एमएसएए २एक्स किंवा ४एक्स, गवत एक पायरी खाली आणि एफएक्सएए चालू. हो, दोन्ही एकदम. एमएसएए त्रिकोणांच्या कडा बघतं आणि एफएक्सएए पानांचा जो चुरा राहिला तो झाकतं. एरवी मी एफएक्सएएच्या विरोधात आहे पण इथे जोडी जमते. नाहीतर एनहान्स्ड आवृत्तीत डीएलएसएस आहेच.

टीएए_हटाव

डीएलडीएसआरवालं मी पण वापरतो, ते टीएएत धरत नाही मी 😄

शेडरवाली

टीएएच आहे ते. मोठ्या पटावरचं, शिकलेलं टीएए.

एकचजीपीयू

मधेच घुसतो, सॉरी. ज्यांच्याकडे आरटीएक्स नाही त्यांनी काय करायचं? माझ्याकडे लॅपटॉप आहे, प्रोसेसरमधलंच रॅडिऑन, ४५-५० फ्रेम मिळतात कशातरी.

फ्रेमटाइम

गेममध्ये एफएसआर ३ असेल तर त्यात नेटिव्ह एए असा पर्याय बऱ्याचदा असतो, डीएलएएसारखीच कल्पना पण मशीन लर्निंगशिवाय, कुठल्याही कार्डवर चालते. इंटेलच्या एक्सईएसएसमध्ये १.३ पासून नेटिव्ह एए आलं, तेही दुसऱ्यांच्या कार्डवर चालतं, बारीक तारा आणि पानं मला त्यात जास्त स्थिर वाटतात पण जरा जड आहे. एफएसआर ४ नवीन आरएक्स ९००० सिरीजसाठी आलं, ते तुझ्यासाठी नाही. एफएसआर १ मात्र एए नाहीये हे लक्षात ठेव, ते नुसतं ताणून धार लावतं, पायऱ्या असतील तर पायऱ्यांनाच धार लावेल. त्याच्या आधी काहीतरी एए लागतंच.

पण ४५ फ्रेमवर आणि लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर मी आधी एसएमएए लावून बघेन. पडदा १४-१५ इंची १०८०पी असेल तर पिक्सेल एवढे जवळ आहेत की एसएमएएने भागेल, आणि वाचलेल्या फ्रेम सावल्यांना दे.

जुनंहार्डवेअर

आणि ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंग १६एक्स करून ठेव बाबा, बरेच लोक हे विसरतात. लांबचा रस्ता पुसट दिसतो ते एएमुळे नाही, ते टेक्स्चर फिल्टरिंगमुळे. आजच्या कार्डांवर त्याने फ्रेम फारशा हलत नाहीत, पण प्रोसेसरमधल्या जीपीयूला मेमरी वाटून घ्यावी लागते म्हणून तिथे ८एक्स लावून एकदा बघ.

एकचजीपीयू

एसएमएए आणि ८एक्स लावलं. रस्ता एकदम खणखणीत. झाडं अजून थोडी लुकलुकतात.

शेडरवाली

झाडं एसएमएएने थांबणार नाहीत, ती पानं म्हणजे तीच चिकटवलेली चित्रं. गेममध्ये एसएमएए टी२एक्स असेल तर ते घे, त्यात मागची एकच फ्रेम मिसळतात, त्यामुळे लुकलुक थोडी कमी होते आणि शेपूटही फारसं राहत नाही. नसेल तर टीएए लावून शार्पनिंगचा स्लायडर थोडा वर घे, पूर्ण नको. पूर्ण केलं की कडांना पांढरी किनार येते आणि टीएएने जी चमचम दाबली होती ती परत वर येते.